अनामत कोणाच्या भरवशावर?

वसईतल्या नंदाखालच्या पवित्र आत्मा चर्चच्या आसपास चक्कर मारली की वाड्यांमधून उभे राहिलेले दुमजली बंगले दिसतात. बऱ्याच बंगल्यांत खाली म्हातारा-म्हातारी आणि वरच्या मजल्याला कुलूप. मुलं कॅनडात, आखातात, नाहीतर मिरा रोडच्या फ्लॅटमध्ये. 'वृद्धाश्रम' हा शब्द गावात अजून दबक्या आवाजात निघतो, पण निघू लागला आहे. एखादं कुटुंब चौकशीला गेलंच तर काय पाहतं? लिफ्ट, नर्स, कमोडजवळचा दांडा, रविवारी मिस्साची सोय, जेवणात मासे मिळतात का. संस्थेचा ताळेबंद कोणी मागत नाही. आणि जाताना काही लाखांची अनामत मात्र भरून येतात.

वसईच्या माणसाला पैशाचा व्यवहार कळत नाही असं कोण म्हणेल? बॅसीन कॅथॉलिक बँक इथल्याच लोकांनी १९१८ साली उभी केली. सहकारी बँकेत ठेव ठेवली की तिच्यावर रिझर्व्ह बँकेची नजर असते आणि ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. ही मर्यादा पूर्वी १ लाख होती. पीएमसी बँकेत लाखो ठेवीदार अडकले आणि मग फेब्रुवारी २०२०मध्ये ती वाढली. तेच ५ लाख वृद्धाश्रमाला अनामत म्हणून दिले तर? ना विमा, ना राखीव निधीची सक्ती, ना वेगळं खातं. संस्था बुडाली तर आजोबा इतर घेणेकऱ्यांबरोबर रांगेत उभे राहणार. माझ्या मते या सगळ्या विषयाची नस इथेच आहे.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. वृद्धाश्रम चालवणारी संस्था बहुधा सार्वजनिक न्यास असते आणि तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. चर्च, देवस्थानं, शाळा यांचे न्यासही त्यातच आले. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाला जमीन विकता येत नाही, इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देता येत नाही, कर्जही काढता येत नाही. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. दरवर्षी ऑडिट लागतं. पाच हजारांवरच्या दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या का, हेसुद्धा ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. आज पाच हजारांत एका बाथरूमच्या टाइल्सही बदलून होत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

या कायद्याखालचा ताळेबंद 'शेड्यूल आठ'च्या नमुन्यात असतो. तो एकदा डोळ्यांखालून घालावा. निधी आणि देण्यांच्या बाजूला न्यासाचा मूळ निधी, मग घसारा निधी, राखीव निधी, मग कर्जं, आणि त्याखाली देण्यांत 'भाडे व इतर ठेवी' अशी ओळ येते. रहिवाशांची अनामत तिथे दिसायला हवी. ती तिथे नसेल आणि 'देणग्या' म्हणून उत्पन्नात जमा झाली असेल, तर परत मागताना पावती कशाची आहे यावर सगळं अडेल. ओळ जागेवर असली तरी समोरच्या बाजूला पाहायचं: तेवढी रक्कम बँकेत किंवा गुंतवणुकीत आहे, की नव्या विंगच्या स्लॅबमध्ये गेली? नव्या माणसाच्या अनामतीतून जुन्याची अनामत फेडायची असं चालू असेल, तर खोल्या भरलेल्या असेपर्यंत कुणाच्याच लक्षात येत नाही.

या कायद्याची अडचण अशी की तो न्यासाची मालमत्ता जपण्यासाठी झाला, तिथे राहणाऱ्या माणसाचे पैसे जपण्यासाठी नाही. विश्वस्तांनी घोळ घातला तर हितसंबंधी व्यक्ती म्हणून ४१-ड कलमाखाली त्यांना हटवण्यासाठी अर्ज करता येतो. पण ८० वर्षांचा माणूस ज्या छपराखाली जेवतो त्याच्याच मालकाविरुद्ध तारखा मारत बसेल का?

ज्येष्ठांसाठीचा २००७चा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करायचा. त्याच कायद्याचं १९वं कलम म्हणतं की प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी एक आश्रम सरकार उभारू शकतं. उभारायलाच हवा असं म्हणत नाही. खासगी आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं, आणि २०२४ला सभागृहाची मुदत संपताच आपोआप बाद झालं. फारसा कुठे आवाज झाला नाही.

महारेराने २०२४मध्ये निवृत्तांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घातले. दरवाजे ९०० मिलिमीटरहून अरुंद नकोत, एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, जमीन घसरडी नको. शिवाय ग्राहकांकडून घेतलेले ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवणं रेरामुळे बिल्डरला बंधनकारक आहेच. चांगलं झालं. पण हे सगळं फ्लॅट विकत घेणाऱ्यासाठी. महिन्याचे पैसे भरून खोलीत राहणारा या चौकटीत बसत नाही, आणि ताबा मिळाल्यानंतरची वीस वर्षं जेवण-नर्सिंग कसं चालणार, हे बांधकामाच्या नियमांत कुठून येणार?

इंग्लंडमध्ये हे धडे महाग पडून शिकले. सदर्न क्रॉस ही तिथली तेव्हाची सगळ्यात मोठी केअर होम कंपनी. साडेसातशेच्या आसपास आश्रम, ३१ हजार म्हातारी माणसं. इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या, भाडी दरवर्षी चढत गेली, खोल्या रिकाम्या पडू लागल्या आणि २०११ला कंपनी कोसळली. आश्रम दुसऱ्या चालकांकडे गेले. त्यानंतर २०१४च्या कायद्याने मोठ्या केअर कंपन्यांच्या आर्थिक तब्येतीवर लक्ष ठेवायचं काम सरकारी नियामकावर टाकलं. तिथल्या सामाजिक गृहसंस्थांवर तर वेगळाच नियामक आहे. तो कारभाराला आणि आर्थिक स्थितीला वेगवेगळ्या श्रेण्या देतो आणि जाहीर करतो.

वसईत असा हिशेब उघड करणं अगदी परकं मानायचं कारण नाही. कॅथॉलिक चर्चचा कायदा (कॅनन लॉ) प्रत्येक पॅरिशला फायनान्स कौन्सिल ठेवायला सांगतो, आणि श्रद्धाळूंनी दिलेल्या पैशाचा हिशेब त्यांना द्यावा असंही सांगतो. आश्रम चर्चचा असो वा कुणा मंडळाचा, वर्षातून एकदा ताळेबंद नोटीस बोर्डावर लावायला कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

तसं होईपर्यंत कुटुंबानेच कागद मागायचे. न्यासाच्या नोंदणीचा उतारा, त्यावर विश्वस्तांची चालू नावं, शेवटच्या तीन वर्षांची ऑडिट झालेली खाती. जागा न्यासाची की भाड्याची. अनामतीची पावती 'परतावायोग्य ठेव' म्हणून आहे की देणगी म्हणून. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मुलाने देणगी पाठवली तर ती विदेशी अंशदान ठरते. संस्थेकडे विदेशी अंशदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तिला ती घेता येत नाही. आणि करारात एक कलम नीट वाचायचं: माणूस गेला किंवा सोडून निघाला तर अनामत किती दिवसांत परत, काय कापून, आणि कोणाच्या हाती. तिथे 'व्यवस्थापनाच्या सोयीनुसार' असं लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी ते खोडून तारीख घालून घ्या.