जैन धर्म-परिचय, लेखांक चौथा : पायाखालचा जीव

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे वारकऱ्यांचे क्षेत्र ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते आणि आषाढीला तेथे भाविकांची मोठी दाटी होते. त्याच सुमारास, आषाढ शुद्ध चतुर्दशीला, जैन साधू-साध्वींचा चातुर्मास सुरू होतो व एरवी गावोगाव पायी विहार करणारे हे साधू कार्तिकापर्यंत एकाच ठिकाणी राहतात. पावसाळ्यात गवत, शेवाळ, किडे-मुंग्या सर्वत्र माजतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली त्यांची हिंसा होते. ती टाळणे, हे या स्थिरवासाचे मूळ कारण होय.

जैन दर्शनात माणूस आणि पशू यांच्याप्रमाणेच वनस्पती, पाणी, पृथ्वी, अग्नी व वायू यांतही जीव मानला असून, केवळ स्पर्शाची जाणीव असलेल्या या जीवांना एकेंद्रिय म्हणतात. कर्माची कल्पनाही येथे वेगळीच आहे. कर्म म्हणजे केवळ कृत्य अथवा त्याचे फळ नव्हे, तर ते पुद्गलाचे, म्हणजे जडद्रव्याचे, अतिसूक्ष्म कण आहेत आणि तेलकट वस्त्राला धूळ चिकटावी तसे ते राग-द्वेषाने लिप्त झालेल्या जीवाला चिकटतात. उमास्वातीच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त या कणांच्या येण्याला आस्रव, चिकटण्याला बंध, येणे थांबवण्याला संवर आणि जुने कण झाडून टाकण्याला निर्जरा म्हटले आहे, सर्व कर्मांचा क्षय होणे हाच मोक्ष. जगाचा कर्ता ईश्वर या दर्शनाला मान्य नसल्याने तीर्थंकर कोणाचे पाप माफ करीत नाहीत. ते मार्ग दाखवतात, चालायचे ज्याचे त्यानेच. या धर्माची सारी कठोरता आणि सारे तेजही या एका सिद्धान्तात आहे.

अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह ही पाच व्रते गृहस्थ अणुव्रते म्हणून यथाशक्ती, तर साधू महाव्रते म्हणून संपूर्णपणे पाळतात. चार हात पुढची जमीन निरखून पाऊल टाकण्याच्या साधूच्या नियमाला ईर्यासमिती म्हणतात. दिगंबर मुनींच्या हातातील मोरपिसांची पिच्छीही बसण्या-उठण्याची जागा हळुवार झाडण्यासाठीच असते.

मराठवाड्यात या आचाराचे सर्वांत ठळक उदाहरण धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे घडले. कुलभूषण व देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून दिगंबर परंपरा या टेकडीला सिद्धक्षेत्र मानते. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावच्या पाटील घराण्यातले सातगोंडा १९२०मध्ये मुनिदीक्षा घेऊन आचार्य शांतिसागर झाले आणि विरळ झालेली दिगंबर मुनिपरंपरा त्यांनी पुन्हा देशभर रुजवली. वृद्धापकाळी त्यांची दृष्टी मंदावत गेली. पायाखालचा जीव दिसत नसेल, तर ईर्यासमिती पाळता येत नाही आणि महाव्रताला बाध येतो. म्हणून १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे आहार व कषाय (क्रोधादी विकार) क्रमाने क्षीण करीत देहत्याग करण्याचे व्रत, स्वीकारले आणि १८ सप्टेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले.

ही आत्महत्याच होय, असा आक्षेप आधुनिक काळात घेतला गेला. शास्त्रकारांनी मात्र क्रोध, भय वा नैराश्य यांतून आलेल्या मरणापासून सल्लेखना कटाक्षाने वेगळी ठेवली आहे आणि शांतिसागरांच्या निर्णयामागील कारण पाहता हा भेद खरा मानावा लागतो. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी ही प्रथा बेकायदा ठरवली. त्या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१५ रोजी स्थगिती दिली.