पंख्यापासून मागे मोजा

दुसरी फेरी पुरी व्हायच्या आत माझी रिमोटवरची छोटी बोट तळ्याच्या मधोमध गप्प झाली. काठाला आणून हॅचवरची टेप ओढली तर जळक्या वार्निशचा वास. स्पीड कंट्रोलरचं काळं आवरण फुगलेलं, कपॅसिटरची डोकी फुटून वर आलेली, बॅटरीचा पिवळा प्लग एका बाजूनं तपकिरी पडलेला. बदल मी एकच केला होता. तीन सेलच्या लायपो बॅटरीऐवजी चार सेलची लावली होती. मोटर तीच, पंखा तोच. कंट्रोलरवर ६० अँपिअर लिहिलेलं होतं आणि चार सेल चालतात असंही लिहिलेलं होतं.

उत्तर माझ्याच वहीत पडून होतं. तीन सेलवर चार मिनिटं बोट पळवली की चार्जर ३००० एमएएच परत भरायचा, अशी नोंद मी दर वेळी करत असे. चार मिनिटांत ३ अँपिअर-तास म्हणजे सरासरी ४५ अँपिअर. एवढा हिशेब केला असता तर पुढचंही कळलं असतं. पाण्यात फिरणारा पंखा ढोबळमानानं फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात शक्ती मागतो. व्होल्टेज तीनाचं चार झालं की फेऱ्याही जवळपास त्याच प्रमाणात वाढतात आणि शक्तीची मागणी २.३७ पट होते. व्होल्टेज वाढल्याचा फायदा वजा केला तरी करंट १.७८ पट, म्हणजे ४५ चे ८०. तेही सरासरी. वळणातून बाहेर पडताना किंवा थांबलेली बोट उचलताना आकडा याच्या कितीतरी वर जातो.

पंख्याचा व्यास तर याहून कडक हिशेब घेतो. शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताप्रमाणे बदलते. ४० मिमीचा पंखा काढून ४२ चा लावला, तर डोळ्यांना फरक दिसतही नाही, पण मागणी सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. माझा पंखा ४२ चा होता. चार सेल लावताना तो उतरवून त्याच घाटाचा ३६ चा लावला असता, तर शक्ती तीन सेलच्या मानानं १० टक्केच वाढली असती आणि करंट ४५ वरून ३७ च्या आसपास उतरला असता. कंट्रोलर आजही चालू असता.

म्हणून या छंदात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगतो की जुळणी पंख्यापासून सुरू करा आणि मागे मागे जा: पंखा, मोटर, कंट्रोलर, बॅटरी. बहुतेक जण उलट्या दिशेनं खरेदी करतात आणि बहुतेक गैरसमजही तिथेच जन्मतात.

सगळ्यात मोठा गैरसमज केव्हीचा. केव्ही जास्त म्हणजे मोटर ताकदवान, अशी समजूत घट्ट बसली आहे. केव्ही म्हणजे फक्त, मोकळी फिरणारी मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. मोटरची ताकद तिच्या डब्याच्या आकारात असते. ३६७४ असा आकडा दिसला तर व्यास ३६ आणि लांबी ७४ मिमी, इतका त्याचा साधा अर्थ. या एकाच डब्यात २१०० केव्हीचं वाइंडिंग असो वा १४०० चं, तांबं तेवढंच मावतं. २१०० ची मोटर चार सेलवर, म्हणजे १४.८ व्होल्टवर, ३१,०८० फेरे देते. १४०० ची सहा सेलवर, २२.२ व्होल्टवर, नेमके तेवढेच. पंखा सारखा असेल तर बोट सारखीच पळेल आणि मोटर साधारण सारखीच तापेल.

याचीच उलटी समजूत अशी की कमी केव्हीच्या मोटरला टॉर्क जास्त. एका अँपिअरमागे टॉर्क जास्त मिळतो हे खरं. पण वेढे जास्त आणि तार बारीक असल्यामुळे तिला तेवढे अँपिअर झेपतही नाहीत. त्याच डब्यात तेवढ्याच उष्णतेला टॉर्क शेवटी तेवढाच मिळतो.

मग लोक सहा सेलकडे कशासाठी जातात? तारांसाठी आणि कंट्रोलरसाठी. १५०० वॉट चार सेलवर घ्यायचे तर १०१ अँपिअर लागतात, सहा सेलवर ६८. तारेत, प्लगमध्ये वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे तेवढ्याच जाडीच्या तारेत चार सेलवर ती सव्वादोन पट. ‘जास्त सेल म्हणजे जास्त धोका’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. तोच पंखा ठेवून, त्याच मोटरवर सेल वाढवले तर धोका आहेच, तो मी भोगलाय. मोटर आणि पंखा त्या मानानं बदलून सेल वाढवले तर तारा, प्लग आणि कंट्रोलर थंड चालतात. शर्यतींचे नियमही सेलची संख्या धरूनच बांधलेले असतात. अमेरिकेतल्या नाम्बा संघटनेच्या वर्गवारीत पी म्हणजे चार सेल, क्यू म्हणजे सहा. युरोपात रुजलेल्या नाव्हिगाच्या शर्यतींत बॅटरीच्या वजनावरही मर्यादा असते, त्यामुळे तिथे प्रत्येक ग्रॅममधून जास्तीत जास्त अंतर काढावं लागतं.

आता कंट्रोलर. ‘१२० अँपिअरचा लावलास तर छोटी मोटर जाळेल’, हे तळ्याकाठी हमखास ऐकू येतं. कंट्रोलर करंट ढकलत नाही. पंखा पाण्याला जेवढं रेटतो तेवढा करंट मोटर ओढते आणि कंट्रोलरला तो वाहून न्यावा लागतो. मोठ्या कंट्रोलरनं बोट वेगवानही होत नाही, नुसती सुरक्षित होते. सरासरी करंट त्याच्या आकड्याच्या निम्म्या-दोनतृतीयांशात राहील एवढा मोठा घ्यावा. अँपिअरची मर्यादा क्षणभर ओलांडली तर तो बहुधा तग धरतो. व्होल्टची मर्यादा मात्र ओलांडायचीच नाही. चार सेलच्या कंट्रोलरला सहा सेल जोडले तर प्लग लावतानाच तो जाऊ शकतो.

‘अर्ध्या थ्रॉटलवर हळूहळू चालव, म्हणजे तापणार नाही.’ हा सल्ला प्रेमानं दिला जातो आणि हमखास महागात पडतो. पूर्ण थ्रॉटलला कंट्रोलरमधले स्विच तुलनेनं कमी वेळा उघडझाप करतात. अर्ध्यावर ते सेकंदाला हजारो वेळा करतात आणि प्रत्येक उघडझापीत थोडी उष्णता निघते. शिवाय मोटरच्या तारांतून वाहणारा करंट तेव्हा बॅटरीतल्या करंटपेक्षा जास्त असतो. त्यात बोट नाक वर करून पाणी नांगरत असेल, तर पंखा पूर्ण बुडालेला आणि भार सर्वांत जास्त. बोट लगेच पाण्यावर उचलून पळती ठेवणं कंट्रोलरला सोपं जातं. बॅटरीकडच्या तारा लांबवणं हाही असाच छुपा मार. लांब तारेमुळे व्होल्टेज हेलकावे खातं आणि ते कपॅसिटरच्या जिवावर बेततं. अंतर भरून काढायचंच असेल तर मोटरकडच्या तीन तारा लांबवाव्यात.

बॅटरीवरच्या सी आकड्यावर, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट ती देऊ शकते या दाव्यावर, मी आता विसंबत नाही. ५००० एमएएच, ५० सी म्हणजे हिशेबानं २५० अँपिअर. त्या दरानं ती ७२ सेकंदांत रिकामी होईल. १०० सी लिहिलेली ३६ सेकंदांत. ९० अँपिअरचा प्लग लावलेल्या पॅकवर असे आकडे छापलेले दिसतात. खरी ओळख आतल्या रोधात असते, आणि बरेच चार्जर तो मोजून दाखवतात. सेलमागे ३ मिलिओहम धरले तर चार सेलचे १२. १०० अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच गळतात आणि पॅकच्या पोटात १२० वॉटची शेगडी पेटते. पॅक विकत घेतला की नवा असतानाच तो आकडा लिहून ठेवा. दुप्पट झाला की तो पॅक शर्यतीतून काढून सरावाला ठेवा. क्षमतेपैकी ८० टक्केच वापरायची हेही पाळा. म्हणजे ५००० मधून ४०००, आणि चार मिनिटांच्या शर्यतीला सरासरी ६० अँपिअर. यापेक्षा जास्त पिणारा पंखा तुमच्या बॅटरीला मोठा आहे.

पाण्यानं थंड होतं म्हणून निर्धास्त राहणारेही पुष्कळ. मोटरवरचं पाण्याचं जॅकेट बाहेरचा डबा आणि त्याला चिकटलेलं वाइंडिंग थंड करतं. आत फिरणाऱ्या चुंबकांची उष्णता मधली हवेची फट ओलांडून यावी लागते. साध्या प्रतीचे निओडायमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे जोर गमावू लागतात, आणि गेलेला जोर मोटर निवली तरी बराचसा परत येत नाही. मोटर मग त्याच कामाला जास्त करंट ओढते, जास्त तापते, आणि दुष्टचक्र सुरू होतं. आपल्याकडे मे महिन्यात उथळ तळ्याचं पाणीच कोमट असतं, हेही ध्यानात घ्यावं लागतं. पळत्या बोटीच्या कडेनं पाण्याची बारीक धार पडते, तिच्यावर नजर ठेवा. शेवाळाचा एक तंतू नळीत अडकला की ती बंद होते.

नवीन पंखा लावला की मी आता पहिली फेरी ३० सेकंदांची घेतो. काठाला आणतो, हॅच उघडतो, आधी प्लगला बोट लावतो, मग कंट्रोलरला, मग मोटरला, शेवटी बॅटरीच्या पोटाला. मिनिटभर थांबून मोटरला पुन्हा हात लावतो, कारण पाणी थांबलं की आतली उष्णता उशिरा बाहेर येते. हाताचं बोट टेकवून ठेवता आलं तर पुढची फेरी एक मिनिटाची. मग चार्जरला लावून किती एमएएच भरले ते पाहतो, आणि या वेळी भागाकार करूनच वहीत लिहितो.