हत्ती विसरत नाहीत, म्हणे

लांबलेल्या रहस्यमालिकेच्या वाचकाचा एक ठरलेला शेरा असतो: "पूर्वीची मजा राहिली नाही." आर्थर कॉनन डॉईल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलले आणि पुढे दहा वर्षांनी सुखरूप परत आणले. तेव्हा कॉर्नवॉलमधल्या एका नावाड्याने त्यांना ऐकवले, की कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही एवढे खरे. डॉईल स्वतःच हा किस्सा सांगत.

नावाड्याचा शेरा रसिकाचा होता. तो ऐकून कोणी डॉईलसाहेबांची नाडी पाहायला गेले नाही. पण अगाथा ख्रिस्ती यांच्या एका उशिराच्या कादंबरीबद्दल वाचकांनी हाच शेरा मारला आणि तो पुढे थेट मेंदूच्या आजारापर्यंत जाऊन पोहोचला. पुस्तक पडेल निघाले म्हणायचे, की लेखिका आजारी होती म्हणायचे? हा प्रश्न मला वाचक म्हणून जितका छळतो, तितकाच डॉक्टर म्हणूनही.

'एलिफंट्स कॅन रिमेंबर' ही कादंबरी १९७२ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाली. पहिले पॉयरोचे पुस्तक १९२० चे, म्हणजे मालिकेला बावन्न वर्षे झाली होती. पॉयरो पहिल्या पुस्तकातच बेल्जियमच्या पोलिसांतून निवृत्त होऊन आलेला आहे. त्या हिशेबाने १९७२ साली त्याचे वय शंभराच्या पुष्कळ पुढे जाते. इतके म्हातारे नायक निर्माण केल्याचा पश्चात्ताप खुद्द बाईंनाही होत असे, पण वाचकांनी तिकडे कधी लक्ष दिले नाही. मिशा टोकदार आहेत ना, मग झाले.

कथा थोडक्यात अशी. रहस्यकथा लिहिणाऱ्या श्रीमती ऑलिव्हर यांना एका साहित्यिक मेजवानीत एक अनोळखी बाई गाठते आणि विचारते, तुमच्या मानसकन्येच्या आईने बापाला मारले, की बापाने आईला? जनरल रेव्हन्सक्रॉफ्ट आणि त्यांची पत्नी काही वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या कड्याजवळ गोळ्या लागून मेलेले सापडले होते. आता त्यांच्या मुलीचे लग्न ठरते आहे आणि होणाऱ्या सासूला खानदानाची चौकशी करायची आहे. (सोयरिकीच्या चौकशा आपल्याच लोकांत चालतात असे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.) श्रीमती ऑलिव्हर मग जुन्या ओळखीच्या वृद्ध माणसांना भेटत सुटतात. इंग्रजांत समज आहे की हत्ती काही विसरत नाही, म्हणून या माणसांना त्या 'हत्ती' म्हणतात. कोडे मी फोडत नाही. चार केसांचे टोप आणि एक कुत्रा, एवढ्यावर लक्ष ठेवा.

आता वाचकांचे मत. मी तीन प्रकारचे वाचक पाहिले. पहिल्यांचे म्हणणे असे, की एक हत्ती झाला की दुसरा, सगळे तेच तेच सांगतात आणि तपास पुढे सरकत नाही. शिवाय हिशेब जुळत नाही. ती घटना नेमकी किती वर्षांपूर्वीची, माणसांची वये तेव्हा किती, आता किती, हे प्रकरणागणिक हलते. ज्या बाई रेल्वेच्या वेळापत्रकाच्या मिनिटावर खुनी पकडत, त्यांच्याकडून ही चूक सराईत वाचकाला बोचते. दुसऱ्यांची तक्रार वेगळी: टोप आणि कुत्रा लवकर हाती लागतात आणि अर्ध्या पुस्तकातच उत्तर कळते. तिसरे थोडे आहेत. कोडे सुमार असले तरी शेवटी उलगडणारे दुःख खरे आहे, असे त्यांना वाटते. मी या तिसऱ्यांत बसतो, पण पहिल्यांचे एकही बोट मला खोडता येत नाही.

तुलनेसाठी त्यांचेच 'फाइव्ह लिटल पिग्ज' घ्या, १९४२ चे. रचना जवळजवळ तीच आहे. लग्नाच्या उंबरठ्यावरची मुलगी, सोळा वर्षांपूर्वीचा खून, आणि आईने बापाला मारले का हा प्रश्न. विष कोनाइन, म्हणजे सॉक्रेटिसाला दिले त्या हेमलॉकमधले. आम्हा होमिओपॅथीवाल्यांना ही वनस्पती कोनियम या नावाने चांगली ओळखीची आहे. ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधे बनवून देण्याचे काम शिकल्या होत्या, त्यामुळे विषांच्या बाबतीत त्या सहसा चुकत नाहीत. त्या पुस्तकात पाच साक्षीदार आपापली हकीकत लिहून देतात. प्रत्येकाला एकच प्रसंग दिसलेला असतो, पण वेगळ्या बाजूने.

आमच्या जैन घरांत अनेकांतवाद समजावताना आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट सांगतात. कोणाच्या हाती सोंड लागते, कोणाच्या पाय, कोणाच्या कान. प्रत्येकाचे म्हणणे आपल्या परीने खरे असते आणि हत्ती सगळे जुळवल्यावर कळतो. 'फाइव्ह लिटल पिग्ज' म्हणजे हीच गोष्ट, नेमकी बांधलेली. 'एलिफंट्स' मध्ये नावातच हत्ती आहे, पण सगळे साक्षीदार शेपूटच धरून बसले आहेत. एकच अफवा थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा कानी येते. तीस वर्षांपूर्वी जी रचना हाताशी होती, ती निसटली आहे.

हे वाचकांना १९७२ मध्येच जाणवले होते. मोजले गेले ते २००९ मध्ये. टोरांटो विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक इयन लँकाशायर आणि संगणकशास्त्रज्ञ ग्रॅम हर्स्ट यांनी ख्रिस्तीबाईंच्या वेगवेगळ्या वयांतल्या कादंबऱ्या संगणकाला वाचायला दिल्या. किती वेगवेगळे शब्द येतात, तेच शब्दसमूह किती वेळा येतात आणि 'वस्तू', 'काहीतरी', 'काहीही' अशा अर्थाचे मोघम शब्द किती येतात, हे त्यांनी मोजले. बाईंनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लिहिलेल्या 'डेस्टिनेशन अननोन' शी तुलना केली, तर एक्याऐंशीव्या वर्षी लिहिलेल्या 'एलिफंट्स' मध्ये शब्दसंपत्ती सुमारे ३० टक्क्यांनी घटली होती, पुनरुक्ती १८ टक्क्यांनी वाढली होती आणि मोघम शब्द जवळजवळ तिप्पट झाले होते. हा स्मृतिभ्रंशाचा खुणावणारा नमुना आहे, असे त्यांनी मांडले.

यातली मोघम शब्दांची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. "ते हे आण रे, आपलं ते, काय म्हणतात त्याला" हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरी बोलले जाते. नाम आठवत नाही, मग सर्वनाम धावून येते. आजारात पहिल्यांदा निसटतात ती बहुधा नामेच. क्रियापदे आणि व्याकरण बराच काळ टिकते. म्हणून अशा माणसाचे बोलणे वरवर नीट वाटते, आणि ऐकणाऱ्याला फक्त काहीतरी पोकळ लागते. 'एलिफंट्स' वाचताना वाचकाला जे लागले ते हेच असावे, असे प्राध्यापकांचे म्हणणे.

पण इथे डॉक्टराने जरा थांबायला हवे. ख्रिस्तीबाईंचे असे निदान हयातीत कधी झाले नाही. रोगी समोर नाही, नातेवाइकांचा जबाब नाही, तपासणी नाही, आणि आपण ५० वर्षांपूर्वीच्या छापील पुस्तकावरून रोगाचे नाव सांगतो. तास तास भर रोग्याचे ऐकून घ्यायची सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे धाडस वाटते. दुसरी शक्यता उघड आहे. १९५२ मध्ये मनगट मोडल्यावर बाई डिक्टाफोनवर बोलून लिहू लागल्या. बोलून लिहिलेले लेखन सैल होते आणि त्यात तेच ते परत येते, हे कोणताही वक्ता मान्य करील. ही हरकत मला एकेकाळी भक्कम वाटे. मग तारखा पाहिल्या. 'डेस्टिनेशन अननोन' १९५४ चे आहे, म्हणजे मनगट मोडल्यानंतरचे. तेही बोलून लिहिले असेल, तर दोन्हींतला फरक डिक्टाफोनच्या माथी मारता येत नाही. हरकत पुरती पडत नाही, पण दुबळी होते.

नुसते वय म्हणावे, तर तेही पुरत नाही. 'द पेल हॉर्स' १९६१ चे, बाई सत्तरीच्या. त्यात थॅलियमच्या विषबाधेचे वर्णन इतके अचूक आहे, की १९७७ मध्ये लंडनमधल्या एका परिचारिकेने ते पुस्तक वाचत असताना समोरच्या अत्यवस्थ बाळाची लक्षणे ओळखली आणि बाळ वाचले. 'एंडलेस नाइट' १९६७ चे, सत्त्याहत्तराव्या वर्षाच्या आसपासचे, आणि त्याला अनेक वाचक त्यांच्या उत्तम पुस्तकांत मोजतात. मग १९७० चे 'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट', जे खपले खूप आणि समजले कोणालाच नाही. उतार असा हळूहळू न येता शेवटच्या काही वर्षांत एकदम आला, हे मला आकड्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

टोरांटोच्या याच मंडळींनी २०११ मध्ये आणखी दोन लेखिका शेजारी ठेवल्या. आयरिस मर्डॉक यांची शेवटची कादंबरी १९९५ ची. परीक्षक गोंधळले, आणि थोड्याच काळात त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यावर शिक्कामोर्तबही झाले. दुसऱ्या पी. डी. जेम्स. त्यांनी दलग्लीश या पोलीस अधिकाऱ्याची शेवटची कादंबरी २००८ मध्ये, ८८ व्या वर्षी दिली. त्यांच्या शब्दसंपत्तीत तशी घसरण दिसली नाही. म्हणजे म्हातारपण आणि हा आजार यांना वेगळे काढता येते. दोन्ही एकच मानण्याची आपली जुनी सवय चुकीची आहे.

वाचकांच्या मताची गंमत पाहायची असेल तर १९७५ कडे या. त्या वर्षी 'कर्टन' आले, पॉयरोचे शेवटचे प्रकरण. पॉयरोच्या मृत्यूची बातमी ६ ऑगस्टच्या 'न्यूयॉर्क टाइम्स' ने पहिल्या पानावर छापली. एका काल्पनिक माणसाची! पुस्तक घट्ट, धारदार होते. ज्याला माहीत नव्हते त्याने म्हणावे, बाईंना सूर परत सापडला. प्रत्यक्षात ते हस्तलिखित दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. आपले काही बरेवाईट झाले तर, म्हणून लिहून तिजोरीत ठेवलेले. पन्नाशीच्या बाई पंचाऐंशीच्या बाईंच्या नावाने वाचकांसमोर आल्या. पुढच्या जानेवारीत त्या गेल्या.

हे सगळे आपल्या घरांशी जोडून पाहा. आजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते, आजोबा नातवाला काकाच्या नावाने हाक मारतात, आणि घरात कोणीतरी 'एलिफंट्स' च्या वाचकासारखा शेरा मारतो. नावे विसरणे वयाबरोबर थोडेफार येतेच. पण नेहमीचा रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब न जमणे, हातातल्या वस्तूचा उपयोग न कळणे हे वेगळे. त्यासाठी मेंदूविकार तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. आणि जाण्याआधी नातलगांनी स्वतःच निकाल देऊ नये. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत, आमच्या जैन घरांत विशेष), कमी ऐकू येणे, जोडीदार गेल्यानंतरचे औदासीन्य, यांनीही माणूस हुबेहूब तसाच दिसू लागतो, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

आपल्यासारख्या, तीन-चार पिढ्या परभाषेच्या मुलखात नांदलेल्या घरांसाठी एक वेगळी खबरदारी. स्मृतीची चाचणी दवाखान्यात बहुधा तिथल्या भाषेत होते, कन्नडमध्ये, हिंदीत, गुजरातीत, तेलुगूत. आजींची बाजाराची भाषा ती असेल, पण देवघराची आणि स्वयंपाकघराची मराठी. परक्या भाषेत त्यांना प्राण्यांची दहा नावे आठवली नाहीत, तर ती आजाराची खूण असेलच असे नाही. चाचणी घरच्या बोलीत घ्यायला सांगा, दुभाषा म्हणून घरचे कोणी सोबत बसा. उलट मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड किंवा हिंदी शब्द आला, तर तोही लगेच घसरणीत धरू नका. आपण सगळे तसेच बोलतो.

'एलिफंट्स' वाचणार असाल तर आधी 'फाइव्ह लिटल पिग्ज' वाचा आणि मग महिन्याभरात हे घ्या. सुरुवात श्रीमती ऑलिव्हर टोप्यांपुढे उभ्या राहून कोणती घालावी हे ठरवताना होते. या बाई म्हणजे ख्रिस्तीबाईंनी स्वतःचीच केलेली थट्टा, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. लँकाशायर यांना तर वाटते, की आपल्याला काय होते आहे याची चाहूल लेखिकेला लागली असावी आणि म्हणूनच स्मरणाचा हा विषय तिने घेतला. पुढे एका प्रकरणात श्रीमती ऑलिव्हर जुन्या पत्त्यांच्या वह्या शोधतात. चिटणीस बाईंना बोलावतात, कपाटे उघडतात, वह्या कुठे ठेवल्या ते आठवत नाही. तपासाच्या दृष्टीने ती पाने निरुपयोगी आहेत आणि घाईतला वाचक ती उलटून पुढे जातो. तुम्ही तिथे जरा सावकाश वाचा.