घरगुती कीटकनाशके आणि त्यांची वेष्टने

मराठी घरांत ढेकणांचे, मुंग्यांचे अथवा उंदरांचे विष 'औषध' या नावाने ओळखले जाते. शेतातील फवारणीचा द्रवही औषधच. भाषेची ही सवय दिसते तितकी निरुपद्रवी नाही. ज्या फडताळात खोकल्याचे औषध असते त्याच फडताळात हेही औषध जाऊन बसते, आणि मूळ डबा गळू लागला की शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतले जाते. त्या क्षणी विषाची त्याच्या वेष्टनापासून फारकत होते. घरगुती विषबाधेचा विचार करताना विषाच्या तीव्रतेइतकेच महत्त्व या फारकतीला दिले पाहिजे.

१९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभरावर माणसे दगावली. विष आणि धान्य यांची वाहतूक एकत्र झाली होती. त्यानंतरच्या चौकशीची परिणती १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमात झाली, आणि १९७१ च्या नियमांनी वेष्टनावरील रंगीत त्रिकोण आवश्यक ठरविला. प्रयोगप्राण्यांपैकी निम्मे दगावण्यास तोंडावाटे लागणारी मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा व त्यापुढे हिरवा, अशी ही श्रेणी आहे. हिरवा म्हणजे निर्धोक, हा सार्वत्रिक समज मात्र चुकीचा होय.

वेष्टनाचा खरा उपयोग अपघातानंतर कळतो. सेंद्रिय फॉस्फरस संयुगे ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला निकामी करतात. तेथे ॲट्रोपीन उपयोगी पडते. ब्रोमाडायोलोनसारखे उंदरांचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड करते, व त्यावर 'के' जीवनसत्त्व देतात. झिंक फॉस्फाइडही उंदरांसाठीच वापरतात. पण त्यावर उतारा नाही. 'उंदराचे औषध पोटात गेले' एवढ्या माहितीवरून वैद्यकाने यांतले काय समजावे? म्हणून रुग्णाबरोबर डबाही रुग्णालयात नेला पाहिजे, आणि त्यासाठी तो घरात असला पाहिजे.

धान्यातील किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचे उदाहरण याहून गंभीर आहे. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतील आर्द्रतेने सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. हा वायू पेशींतील प्राणवायूचा वापरच रोखतो, आणि त्यावरही उतारा नाही. अशा गोळ्या घरी वापरण्यासाठी नाहीतच; त्यांची विक्री शासकीय संस्था व प्रशिक्षित कीडनियंत्रक यांच्यापुरती मर्यादित करण्यात आली. तथापि त्या सुट्या, कागदाच्या पुडीत विकल्या जातात, तेव्हा निजण्याच्या खोलीतल्या कणगीत गोळी टाकणाऱ्या गृहस्थाला सावध करणारे एक अक्षरही त्या पुडीवर नसते.

रिकाम्या डब्याचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले मृत्युमुखी पडली. तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात तेल ठेवले गेले असावे, असा तपासाचा रोख होता. वस्तुतः १९७१ च्या नियमांतच रिकामी वेष्टने मोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे सांगितले होते. शहरातील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाने डबा कोठे नेऊन पुरायचा, याचे उत्तर त्यांत नव्हते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी 'घरगुती घातक कचरा' असा निराळा वर्ग करून ही उणीव काही अंशी भरून काढली. असा डबा धुऊन पुन्हा वापरू नये, भंगारवाल्यास देऊ नये. उरलेला द्रव मोरीत ओतू नये, कारण डास मारणारी पायरेथ्रॉइड द्रव्ये माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतात. डबा भोक पाडून निरुपयोगी करावा आणि वेगळा बांधून, वर स्पष्ट लिहून, कचरा गोळा करणाऱ्याच्या हाती द्यावा. दाबाच्या फवाऱ्याचे डबे मात्र याला अपवाद आहेत: त्यांना भोक पाडल्यास किंवा ते जाळल्यास स्फोट होतो.