हळदीच्या मांडवातली एक सिगारेट

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघाले की गडब लागते. रस्त्यावर रात्रंदिवस वर्दळ, खाडीच्या अंगाला खारबंदिस्तीची भातखाचरे, जवळच डोलवीचा पोलाद कारखाना. इथल्या एखाद्या घराची कल्पना करा. घरातला कर्ता माणूस चाळिशीचा, पाळीत काम करणारा. दिवाळीत त्याने सिगारेट सोडली आणि सहा महिने कसोशीने पाळली. मग मे महिन्यात चुलतभावाची हळद आली. मांडवात बँजो वाजतोय, ताटावर ताटे उठताहेत, मागच्या पडवीत जुनी मित्रमंडळी बसली आहेत. कुणीतरी सहज पाकीट पुढे केले आणि त्याने एक घेतली. दुसऱ्या दिवशी दोन झाल्या. चौथ्या दिवशी पाकीट खिशात होते.

बायकोला ते शर्टाच्या वासावरून कळले. "सहा महिन्यांचं मातेरं केलंत," ती म्हणाली. ओटीवरून आईचा आवाज आला, "त्याच्याच्यानं नाही व्हायचं ते. मी आधीच सांगितलं होतं."

हा माणूस कल्पनेतला आहे, पण त्याच्यासारखी माणसे पेणपासून रोह्यापर्यंत गावोगावी सापडतील. अशा घरात जे बोलले जाते, त्यामागे माया असते, धास्ती असते आणि थकवाही असतो. तरीही विज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर पुढचे काही दिवस फार मोलाचे आहेत, आणि नेमके तेच आपण ओरडण्यात घालवतो.

आधी मेंदूत काय होते ते पाहू. झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते आणि तिथल्या पेशींवरच्या रिसेप्टरना चिकटते. आर्थर ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लॉस एंजेलिस इथे मेंदूची छायाचित्रे घेऊन हे मोजले. एक-दोन झुरक्यांतच या रिसेप्टरपैकी निम्मे व्यापले जातात आणि तीन तासांहून अधिक काळ तसेच राहतात. अख्खी सिगारेट ओढली तर हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे 'एकच तर घेतली' यातली एक मेंदूच्या हिशेबात क्षुल्लक नसते.

सतत धूम्रपान करणाऱ्याच्या मेंदूत या रिसेप्टरची संख्याच वाढलेली असते. सोडल्यावर चिडचिड, बेचैनी, झोप उडणे, मन न लागणे हा जो त्रास होतो तो पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. वाढलेले रिसेप्टर सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीवर येतात, असे येल विद्यापीठातील केली कॉसग्रोव्ह यांच्या गटाला २००९ मध्ये आढळले. मग सहा महिन्यांनंतर, शरीर बरेचसे सावरलेले असताना, हळदीच्या रात्री हात पाकिटाकडे का गेला?

कारण आठवण शाबूत असते. वीस वर्षे जेवणानंतर, चहाबरोबर, पाळी सुटल्यावर गेटाबाहेर जे घडत आले, त्याची सांगड मेंदूने त्या जागांशी, त्या माणसांशी, त्या वासांशी घातलेली असते. यात इन्सुला नावाच्या मेंदूच्या एका भागाचा मोठा वाटा दिसतो. या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांची सिगारेटची ओढच नाहीशी झाली, असे नासिर नक्वी, अँटोन बेचारा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले. पिट्सबर्गचे सॉल शिफमन यांनी वर्षानुवर्षे हेच तपासले, की सोडलेली माणसे नेमकी कुठे घसरतात. दारू, आसपास ओढणारी माणसे आणि मनाचा ताण ही ठिकाणे त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येतात. हळदीच्या मागच्या पडवीत पहिल्या दोन गोष्टी हमखास एकत्र येतात. त्या रात्री त्या माणसाची इच्छाशक्ती अचानक कमी झाली होती, असे मानण्याचे कारण नाही. परीक्षाच त्या रात्री सर्वांत अवघड होती.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी व्यसन परत जडण्यावर आयुष्यभर काम केले. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९८५ मध्ये आला. एखाद्या वेळी चुकून ओढणे आणि पुन्हा रोजचे ओढू लागणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि पहिलीकडून दुसरीकडे नेणारा रस्ता बऱ्याच अंशी मनातून जातो, हे त्यांचे प्रतिपादन. एक सिगारेट झाली की माणूस स्वतःशी म्हणतो, "मी कच्चाच आहे, माझ्यात दमच नाही, आता काय राहिलं?" ही अपराधी भावना असह्य होते आणि तिच्यावरचा त्याला ठाऊक असलेला सर्वांत जुना उतारा म्हणजे पुन्हा सिगारेट. तोच माणूस जर असे म्हणू शकला की "पडवीत दोस्तांबरोबर बसलो आणि घेतली, पुढच्या हळदीला तिथे बसायचं नाही," तर रस्ता बदलतो.

आता पुन्हा त्या ओटीवर या. "त्याच्याच्यानं नाही व्हायचं" हे आईचे वाक्य आणि त्या माणसाच्या मनात आधीच चाललेले वाक्य एकच आहे. घरच्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केले, एवढेच.

शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टेनस्टाइन यांनी १९९० मध्ये सोडू पाहणाऱ्यांना विचारले, की तुमचा जोडीदार नेमके काय काय करतो. एका बाजूला होते टोमणे: घाण सवय आहे, घरात वास येतो, तुझ्यात इच्छाशक्ती नाही, तुला जमेल असे वाटत नाही. दुसऱ्या बाजूला साध्या गोष्टी: कौतुक करणे, चिडचिड झाली तर शांत करणे, सिगारेटऐवजी काय करता येईल ते मिळून शोधणे, सोबत एखाद्या कामाला लागणे. ज्यांच्या वाट्याला टोमण्यांच्या मानाने आधार जास्त आला, ते अधिक टिकले. टोमणे पूर्ण बंद व्हायला हवेत असेही नाही. माणसे एकत्र राहतात तिथे ते शक्यही नसते. तराजू आधाराकडे झुकला पाहिजे.

पण घरच्या मायेवर सगळी भिस्त ठेवू नये, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. जोडीदाराला प्रशिक्षण देण्याच्या अनेक प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेने एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा प्रशिक्षणामुळे सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचा पुरावा सापडला नाही. घरचे म्हणजे उपचार नव्हेत. त्यांनी माणसाला उपचारापर्यंत पोहोचवायचे आणि तो सुरू असेपर्यंत सोबत राहायचे.

एक काम मात्र घरचे असे करू शकतात, ज्याला तोड नाही. घरात आणखी कुणी ओढत असेल तर त्यानेही सोडावे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासाच्या नोंदींवरून निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये दाखवले, की नवरा-बायकोपैकी एकाने सोडली तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते; भावंडाने सोडली तर २५ टक्क्यांनी आणि मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. ज्या मित्राने पडवीत पाकीट पुढे केले, त्याचे एक पाऊल शंभर उपदेशांहून जड आहे.

आपल्याकडचा दाखला पाहायचा तर टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. गौरवी मिश्रा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहावा. ग्रामीण महाराष्ट्रातील एका रासायनिक कारखान्यात १०४ कर्मचारी होते आणि त्यातले ४८ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. व्याख्याने झाली, गटचर्चा झाल्या, गरज होती तिथे औषधे दिली, कुटुंबीयांसाठीही कार्यक्रम घेतले. पथक पुन्हा पुन्हा परत येत राहिले. प्रत्येक भेटीगणिक सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले आणि वर्षाअखेरीस ते ४० टक्क्यांवर पोहोचले. लोक खरे सांगतात की नाही हे लघवीच्या चाचणीने पडताळले, तर ९६ टक्के जुळणी निघाली. कुणाच्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांत सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात, असे परदेशी पाहण्या सांगतात. दोन्हींची मोजणी एकसारखी नाही, हे धरूनही हा फरक डोळ्यांत भरतो. पहिल्या भेटीत ज्यांना जमले नाही त्यांच्या नावावर या पथकाने काट मारली नाही, त्यांना पुन्हा विचारले. घरानेही एवढेच करायचे आहे. त्याच कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांत तंबाखू घेणारे ५६ टक्के निघाले, हेही डोलवी-गडबच्या पट्ट्यात विसरण्यासारखे नाही.

म्हणून कळले त्या संध्याकाळी काय करावे? आधी जेवू द्यावे. मग "का ओढली?" असे न विचारता "कुठे, कधी, कोण होतं सोबत?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माणूस सबब सांगतो, दुसऱ्याला माहिती देतो. उरलेले पाकीट त्याने स्वतःच्या हाताने मोडून टाकावे. खिसे तपासायची वेळ घरच्यांवर येऊ देऊ नये. सोडलेले सहा महिने वाया गेले असे कुणी म्हणू नये, कारण तेवढा काळ फुप्फुसे आणि हृदय धुरापासून खरोखर दूर होती. दहा-वीस दिवसांनी थांबू म्हणण्यापेक्षा पुन्हा सोडायचा दिवस याच आठवड्यातला धरावा.

या वेळी औषधाची जोड असू द्यावी. मागच्या वेळी नुसत्या निर्धारावर सोडली असेल तर ते अधिकच गरजेचे. निकोटीनचा च्युइंगम पुष्कळांना 'लागू पडत नाही', कारण तो सुपारीसारखा भराभर चघळला जातो. तो हळू चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर कमी झाली की पुन्हा थोडा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा सरबत घेऊ नये, नाहीतर निकोटीन नीट शोषले जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला सहसा जास्त मात्रेचा, चार मिलिग्रॅमचा, च्युइंगम लागतो. कातडीला लावायची पट्टी आणि च्युइंगम दोन्ही मिळून एकट्यापेक्षा अधिक परिणाम साधतात. व्हरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळतात. पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात याची चौकशी करता येते.

एका गोष्टीवर मात्र करडी नजर हवी. सिगारेट सुटली म्हणून तंबाखू-चुना किंवा मिश्री धरली, तर सुटका झालेली नसते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्याकडची पळवाट कुठे आहे, ते हे आकडेच सांगतात. चिडचिड दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकली, माणूस गप्प गप्प राहू लागला, कशातच मन रमेना, तर ते सिगारेटचे प्रकरण म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

किती वेळा सोडायची, असे घरचे वैतागून विचारतात. कॅनडाच्या ऑन्टारियोमधील धूम्रपान करणाऱ्यांच्या नोंदींवरून मायकेल चेटन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, की कायमची सुटेपर्यंत तीस किंवा त्याहून अधिक प्रयत्न लागू शकतात. इतके प्रयत्न करण्याजोगे फळही तेवढेच मोठे आहे. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षे चाललेल्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासात तिशीत सोडणाऱ्यांची सुमारे दहा वर्षे वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा आणि साठीत सोडणाऱ्यांची तीन. आपल्या गडबच्या माणसाची नऊ वर्षे अजून त्याच्या हातात आहेत.

घरात असे कुणी असेल तर आज रात्रीच पाकीट उलटे करून पाहा. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक २०१८ पासून त्यावर छापलेला असतो. फोनला पैसे पडत नाहीत, आणि या सेवेचे एक केंद्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आहे. फोन त्यालाच लावू द्या. तुम्ही शेजारी बसा.