बुंदी तुपातली, पण कोणत्या?

लग्नघरी बुंदी पाडायची ठरली की आचारी पहिल्यांदा वनस्पती तुपाचे डबे मागतो. साजूक तूप परवडत नाही आणि तेलातली बुंदी पाहुण्यांना वाढायला मन घेत नाही. आमच्याही घरी दिवाळीच्या करंज्या कित्येक वर्षे याच तुपात तळल्या. गोठ्यात म्हैस होती. दूध मात्र सगळे डेअरीला!

नावात तूप असले तरी याचा दुधाशी संबंध नाही. पातळ तेल तापवून, निकेल धातूच्या मदतीने त्यात हायड्रोजन वायू मुरवला, की ते थिजून रवाळ होते. ही क्रिया अर्धवट ठेवली की त्यात ट्रान्स फॅट तयार होते. ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, चांगले कमी करते आणि हृदयविकाराला वाट करून देते. म्हणून १ जानेवारी २०२२ पासून तेल व वनस्पती यांत त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम झाला. पण ट्रान्स फॅट घटले तरी तूप थिजवणारी संपृक्त चरबी असतेच. भाकरीवर चमचाभर घरचे तूप घ्यावे. तळणीला शेंगदाण्याचे तेल बरे.

तळण झाल्यावर कढईत उरते त्याचे काय? गृहिणीला ते टाकवत नाही, आणि का टाकावे? गाळून ठेवावे, एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवावे. त्यात पुन्हा तळू मात्र नये. वारंवार तापलेले तेल काळे, चिकट होते, फेसाळते आणि त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. यात्रेतल्या भज्यांच्या कढईकडे एकदा नीट पाहा.

पूर्वी रब्बीच्या ज्वारीत आणि बांधाच्या कडेने करडई असे. काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे आणि घाण्यावरून वर्षाचे तेल घरी येई. करडईत ओमेगा-६ आणि जवसात ओमेगा-३ ही स्निग्धाम्ले भरपूर असतात. दोन्ही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. जवसाचे तेल तळणीला सोसत नाही. त्याची चटणीच खरी.

आता मापाचे. कोणत्याही तेलातुपाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, पिठाच्या दुपटीहून जास्त. वरून घ्यायच्या तेलातुपाचे माप २०१० च्या राष्ट्रीय शिफारशीत असे दिले होते: अंगमेहनतीच्या पुरुषाला दिवसाला ४० ग्रॅम, बैठ्या कामाच्या पुरुषाला २५, स्त्रियांना अनुक्रमे ३० आणि २०. म्हणजे नांगर धरणाऱ्या आजोबांना महिन्याला सव्वा किलो चालत होते, तर दुकानात बसणाऱ्या नातवाला पाऊण किलो पुरते. कढईतली पळी मात्र आजोबांच्या वेळचीच आहे. नवा डबा फोडाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि तो किती दिवस पुरतो ते पाहा.