फुटलं असतं तर कळलं असतं?

“स्तनातलं इम्प्लांट फुटलं असतं तर मला कळलं नसतं का?” सलाइनचं असेल तर कळतं. त्यातलं मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं आणि स्तन काही दिवसांतच बसतो. सिलिकॉनचं मात्र तसं नाही. जेल दाट असतं आणि इम्प्लांटभोवती शरीराने स्वतःच तयार केलेली पिशवी त्याला धरून ठेवते. त्यामुळे आवरण फाटलं तरी बहुतेकदा आकार तोच राहतो, दुखतही नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये सुचवलं, की काही त्रास नसला तरी शस्त्रक्रियेनंतर ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा. एमआरआयमध्ये फाटलेलं आवरण जेलमध्ये दुमडून तरंगताना दिसतं. रेडिओलॉजिस्टांनी या खुणेला एका इटालियन पास्त्याचं नाव दिलं. आपल्याकडे बारसं झालं असतं तर शेवयांची खीर म्हटलं असतं.

ती पिशवी प्रत्येकीच्या शरीरात तयार होते, ते दुखणं नव्हे. ती आवळत गेली, स्तन कडक झाला, वर ओढला गेला किंवा दुखू लागला, तर मात्र उपचार हवेत. पूर्वी काही डॉक्टर हाताने जोर लावून ती फोडत. त्यात इम्प्लांटच फुटण्याची भीती, म्हणून ती पद्धत मागे पडली. आता शस्त्रक्रियेने पिशवी मोकळी करतात किंवा काढतात.

“इम्प्लांटमुळे स्तनाचा कर्करोग होतो,” हे चूक. पण भोवतालच्या त्या पिशवीत क्वचित एक लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कर्करोग, होतो, मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती. ॲलर्गन कंपनीने २०१९ मध्ये आपली बायोसेल इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली ती याच कारणाने. बऱ्याच वर्षांनी एकच स्तन अचानक सुजला, आत पाणी साठलं, तर ते नुसतं काढून फेकू नये. या लिम्फोमासाठीच्या सीडी-३० तपासणीला पाठवायला सांगावं. आजार पिशवीपुरताच असेल तर इम्प्लांट आणि अख्खी पिशवी काढून बहुतेकींना पुरतं, केमो लागत नाही. आणि काहीच त्रास नसेल, तर निव्वळ धास्तीपोटी खरखरीत इम्प्लांट काढून घ्या असं एफडीएही म्हणत नाही.

मॅमोग्राफी इम्प्लांट असतानाही होते; तंत्रज्ञाला आधी सांगायचं, म्हणजे तो जास्तीच्या फिल्म घेतो.

आपलं इम्प्लांट खरखरीत की गुळगुळीत, हे बाहेरून हात लावून समजत नाही. ते शस्त्रक्रियेनंतर मिळालेल्या कार्डावर असतं. कार्ड सापडत नसेल तर रुग्णालयाकडून ऑपरेशनची नोंद मागून घ्यावी.